कमी वापरायचं, पण कुणाच्या कष्टावर?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘डीग्रोथ’ हा शब्द तुमच्यापैकी काहीजणींनी ऐकला असेल. उत्पादन आणि खप दरवर्षी वाढलाच पाहिजे हा हव्यास सोडावा, ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी वापर कमी करावा आणि सगळ्यांना चांगलं जगता येईल अशी वाटणी व्हावी, असं हा विचार सांगतो. मूळ फ्रेंच शब्द आंद्रे गॉर्झ या विचारवंताने १९७२ साली वापरला. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली. पुढे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तिकडे ‘पुरे आता’ असं म्हणणं सुरू होत होतं, इकडे ‘पुरेसं द्या’ ही मागणी होती. मला वाटतं, ही दोन्ही वाक्यं एकत्रच बोलायला हवीत.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका वस्तीत मी पाणी-वीज वाचवण्याविषयी बोलत होते. एक मावशी म्हणाल्या, “ताई, कपड्यांचं पाणी आम्ही संडासाला वापरतो. अजून काय कमी करू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे त्याच मावशींचं पुनर्वसन झालं. पक्कं घर, आत नळ, संडास. आनंद झालाच. पण आधी त्या दहा मिनिटं चालून तीन घरची धुणंभांडी करत. आता दोन बस बदलाव्या लागतात. दोन कामं सुटली. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० झालं. शिवाय लिफ्टचा आणि पाण्याच्या पंपाचा खर्च. नात सांभाळायला शेजारीण होती, तीही दुसऱ्या इमारतीत गेली. म्हणजे मावशींचा खर्च वाढला, डिझेल-वीज जास्त लागू लागली आणि जगणं मात्र अवघड झालं. अर्थशास्त्राच्या हिशेबात ही वाढच! नात सांभाळणारी शेजारीण त्या हिशेबात कधी नव्हतीच.

उलट बाजू बघा. मुंबईच्या किनारी रस्त्याचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये खुला झाला. हजारो कोटींचा खर्च, आणि तिथे दुचाकी-रिक्षांना मनाई. शहर असं मोटारीसाठी बांधायचं आणि काटकसर मात्र घरातल्या बाईला शिकवायची, हे आपण मान्य करायचं का?

आणखी एक धोका आहे. ‘यंत्रं कमी वापरा, घरी करा’ असं म्हटलं की ते करणारे हात कुणाचे? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे ८८. म्हणून कमी वापराची पहिली अट ही की बाईचे कष्ट वाढता कामा नयेत. ते साधायचं तर वस्तू आणि सोयी सामाइक हव्यात, आणि घराजवळ हव्यात.

हे स्वप्नरंजन नाही. कोलंबियातल्या बोगोता शहराने २०२० पासून ‘काळजी-केंद्रं’ उभारली. चालत जाता येईल अशा अंतरात सार्वजनिक धुलाईगृह, पाळणाघर, वृद्धांची देखभाल, कायद्याचा सल्ला. मुलं सांभाळली जात असताना आई अर्धवट राहिलेली शाळा पूर्ण करते. पुरुषांना घरकाम शिकवणारे वर्गही आहेत. घरोघरी एकेक यंत्र घेण्यापेक्षा चार यंत्रं सगळ्यांची. वस्तू कमी लागल्या, बाईला वेळ मिळाला.

आपल्याकडे अंगणवाडी आहे, बचतगट आहेत, पाळणाघराची मागणी तर जुनीच आहे. पण आपण त्या ‘बायकांच्या योजना’ म्हणून मागतो. यापुढे शहराच्या विकास आराखड्यात त्यांची जागा मागू या.

सुरुवात छोटी करा. आपल्या वस्तीतल्या दहाजणींना विचारा: काल तू कुठे कुठे गेलीस, कशाने गेलीस, किती वेळ लागला? कागदावर नकाशा काढा. मग सगळ्याजणी मिळून तो वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर ठेवा. पुढच्या शिबिराला येताना प्रत्येकीने आपला नकाशा घेऊन यायचं आहे. मावशींचा मी आणते.