खोल गेलेले डोळे



मी डॉक्टर नाही, संगणकावर काम करणारी बाई आहे. आमच्या कामात एक गोष्ट लवकर कळते. पडद्यावर दिसणारी गडबड एकच असते, पण तिच्यामागची कारणं दोन असू शकतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. तसंच एक लक्षण आपल्या घराघरांत दिसतं.

"पोराचे डोळे खोल गेलेत" हे वाक्य कळसाडीत कुणी ऐकलं नाही? मग कुणी दृष्ट काढतं, कुणी म्हणतं दात येत असतील.

डोळा हाडाच्या खोबणीत चरबीच्या मऊ गादीवर बसलेला असतो. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की दोन्ही डोळे एका दिवसातही आत जातात. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. सुरकुती दोन सेकंदांहून जास्त राहिली, मूल सुस्त पडलं, पाणीही पिईना, तर ताबडतोब दवाखाना गाठा. त्याआधीच्या पायरीवर ओआरएस पुरतं. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकीची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं. सुमारे तीस टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला, आणि सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्या. जुलाब थांबले म्हणून त्या मध्येच सोडू नका.

आता दुसरं कारण. कुपोषित मुलाची ती गादीच झिजते. त्याचे डोळे जुलाब नसतानाही खोल दिसतात आणि कातडीही सैल असते, म्हणजे वरच्या दोन्ही खुणा फसवतात. अशा मुलाला भराभर पाणी किंवा सलाइन दिलं तर हृदयावर ताण येऊन जीव जाऊ शकतो. मग ओळखायचं कसं? आईला विचारायचं, "बाई, डोळे आधीपासून असेच आहेत, की काल-आजच गेले?" या प्रश्नाला यंत्र लागत नाही, आणि उत्तर फक्त आईकडेच असतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हे विचारायला वेळ काढलाच पाहिजे, असं माझं मत आहे.

मोठ्या माणसाचा एकच डोळा खोल दिसू लागला तर गोष्ट निराळी. मार लागून खोबणीचं हाड मोडलेलं असतं, किंवा गालातली सायनसची पोकळी न दुखता आत ओढली जाते. कधी वरची पापणी उतरल्याने नुसता तसा भास होतो. तिथे डोळ्यांच्या डॉक्टरांनाच दाखवावं.

आपल्यातल्या ज्या अंगणवाडीत किंवा आशा म्हणून काम करतात, त्यांच्याकडे दंडाची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला आणि जुलाब असले, तर घरी उपचार करत बसू नका, 108 ला फोन लावा. गाडी येईपर्यंत आणि वाटेतही अंगावरचं दूध चालू ठेवा, ओआरएस चमच्याचमच्याने, थांबत थांबत पाजा.