बावीस मागायचं, तर तेवीस पाळायचं
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



रास्ता रोकोत पकडून नेलं की आम्ही सगळे राज्यघटनेचं कलम २२ म्हणून दाखवतो. अटक का केली ते सांगा, वकिलाला भेटू द्या, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. पोलिसांच्या हातात फौजदारी कायदा, आमच्या हातात हे कलम. पण त्याच्या लगेच पुढे कलम २३ आहे, ते आम्ही कधी नीट वाचलं नव्हतं. त्याचा अर्थ कळायला आम्हाला रायगड जिल्ह्यात, पेण-रोह्याला जावं लागलं.

तो मुलूख आपल्यासारखा कोरडवाहू नाही. पाऊस भरपूर, भाताची खाचरं, पेणला गणपतीच्या मूर्तींचे कारखाने, रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत. डोंगराच्या कडेला मात्र कातकऱ्यांच्या वाड्या. आपल्या यवतमाळकडच्या कोलामांसारखेच हे लोक. सरकारदरबारी दोन्ही आदिम जमाती. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादमाची उचल घ्यायची आणि ती फेडायला भातकापणीनंतर पोराबाळांसह वीटभट्टी, कोळसाभट्टी गाठायची. हिशेबाची वही मालकाकडे. हंगाम संपला तरी बाकी निघाली की पुढचं सालही त्याच्याकडेच.

कलम २३ सांगतं: माणसांचा व्यापार, वेठ आणि सक्तीची मजुरी यांना मनाई आहे आणि ही मनाई मोडणं हा गुन्हा आहे. हक्क देताना घटनेनं स्वतःच 'हा गुन्हा' म्हटलं. अस्पृश्यतेचं कलम १७ असंच आहे.

मग १९५० नंतरही वेठ का टिकली? हक्क घटनेत लिहिला, तरी शिक्षेसाठी फौजदारी कायदा लागतो. जुन्या दंडसंहितेत कलम ३७४ होतं: इच्छेविरुद्ध राबवलं तर एक वर्षापर्यंत कैद. २०२४ पासून नव्या संहितेत तेच कलम १४६ झालं आहे. पण भुकेला माणूस स्वतःहून अंगठा देतो. मग इच्छेविरुद्ध म्हणणार कसं?

ही पळवाट बुजवायला १९७५ चा वटहुकूम आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आला. वेठीचं कर्ज रद्द. राबवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र. आणि कर्ज वेठीचं नाही, हे धनकोनं सिद्ध करायचं. १९८२ मध्ये, आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं: पोटाच्या आगीपायी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणं हीसुद्धा सक्तीच, आणि हे कलम सरकारइतकंच खाजगी मालकालाही लागू आहे.

खाजगी मालक म्हणजे कोण? फक्त भट्टीवाला नव्हे. पाडव्याला सालगडी ठेवणारे आपणही त्यात आलो. उचल देणं गुन्हा नाही. पण उचलीच्या नावावर त्याला दुसरीकडे कामाला जाऊ न देणं, किंवा ती फिटेपर्यंत किमान वेतनाच्या खाली राबवणं, तिथे गुन्हा सुरू होतो. कापसाला, ज्वारीला भाव नाही ही आपली तक्रार खरीच. ती सरकारशी भांडायची. सालगड्याच्या खात्यावर मांडायची नाही.

म्हणून प्रत्येक गावशाखेनं तीन गोष्टी कराव्यात. सालगड्याच्या हिशेबाची एक प्रत त्याच्या हातात द्यावी. कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात नेमायची दक्षता समिती आहे का, ती बसते का, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारावं. आणि वेठीची तक्रार घेऊन कुणी पोलीस ठाण्यात निघाला, तर मालक आपल्या ओळखीचा असला तरी त्याच्यासोबत जावं. 'आपसात मिटवा' म्हणणाऱ्यांत आपला बिल्ला दिसता कामा नये.

उद्या आपल्याला पकडलं, तर आपण पुन्हा कलम २२ दाखवू. ते दाखवणारा हात कलम २३ मोडणारा नसावा.