‘यावे’ आणि ‘येतो’

जयपूरच्या आदर्श नगरात एका मराठी स्नेह्यांकडे बसलो असता त्यांच्या मुलाने आपली इंग्रजी निबंधाची वही माझ्यापुढे ठेविली. ‘आय सजेस्ट दॅट ही कम’ या वाक्यातील ‘कम’खाली तांबडी रेघ ओढून शिक्षकांनी ‘कम्स’ लिहिले होते. मुलगा हिरमुसला होता. आणि चूक तर त्याची नव्हतीच.

श्रोतेहो, जे घडते ते नव्हे, तर जे घडावेसे वाटते ते या गौण वाक्यात सांगावयाचे असते. ‘त्याने यावे असे मी सुचवितो’ या वाक्यात ‘येतो’ घालण्याचे कोणा मराठी माणसाला स्वप्नातही सुचणार नाही. आपला विध्यर्थ कर्त्यालाही तृतीयेत नेऊन बसवितो. हिंदीत ‘वह आए’ म्हणतात. इंग्रजीत मात्र खूण एवढीच, की तृतीय पुरुषी एकवचनातला ‘एस’ गळतो. इतकी बारीक खूण नजरेतून निसटली, तर नवल नाही.

परंतु तिच्यावर अर्थ अवलंबून असतो. ‘ही इन्सिस्टेड दॅट द बॉय बी प्रेझेंट’ म्हणजे मुलाने हजर राहावे असा त्याने आग्रह धरला. ‘बी’च्या जागी ‘वॉज’ घाला. मुलगा हजर होता असे त्याने ठासून सांगितले, असे होईल. एक मागणी, दुसरी साक्ष!

काही ठराविक प्रयोग सोडता हा अर्थ मरणोन्मुख आहे, असे फाउलरने १९२६ साली लिहिले. अमेरिकनांनी तो टिकविला. इंग्रज पुष्कळदा ‘शुड’ घालून वेळ निभावतात.

मी त्या तांबड्या रेघेशेजारी पेन्सिलीने ‘त्याने यावे’ एवढेच लिहिले. मुलाने ते दोनदा वाचले आणि वही शिक्षकांना दाखविण्यासाठी दप्तरात वरच ठेविली.