घोरणे आणि अडलेला श्वास



श्रोत्यांना जागे ठेवणे हे व्याख्यात्याचे पहिले कर्तव्य. आज आम्ही मात्र झोपेवरच बोलावयास उभे आहोत. घोरणे म्हणजे गाढ झोप, असा समज आपल्याकडे कुंभकर्णापासून चालत आला आहे. घरातला कर्ता पुरुष घोरू लागला की ‘दमून आलाय, झोपू द्या’ असे म्हणून बाकीची मंडळी कूस बदलतात. हा समज नेहमीच खरा नसतो, आणि त्यापायी एक गंभीर विकार घराघरांत लपून राहतो, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे.

प्रथम घशाची रचना पाहू. नाकाला हाडाचा आधार आहे, श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत. या दोहोंमधला घसा मात्र मऊ. त्याला उघडे धरतात ते भोवतालचे स्नायू. झोप लागली की हे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो. वाट अरुंद झाली की जाणाऱ्या हवेने हे भाग थरथरतात, तेच घोरणे. आणि वाट साफ मिटली तर? छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. घोरण्याचा आवाज एकाएकी थांबतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू सावध होतो, झोप क्षणभर चाळवते आणि माणूस धापेसरशी श्वास ओढतो. पुन्हा घोरणे सुरू! डॉक्टर या विकाराला ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात. तासाला असे तीस किंवा अधिक अडथळे आले तर विकार तीव्र समजतात. म्हणजे दर दोन मिनिटांना एक झोपमोड. सकाळी त्या बिचाऱ्याला यातले काही आठवतही नाही.

हे कशामुळे होते? मानेभोवती साठलेली चरबी हे मोठे कारण. पण सडपातळ माणसाने निश्चिंत राहू नये. खालचा जबडा लहान किंवा मागे असला तरी वाट अरुंदच. मुलांत बहुधा वाढलेले टॉन्सिल कारणीभूत असतात. दारू आणि काही झोपेच्या गोळ्या स्नायू अधिकच सैल करतात. उताणे निजल्याने जीभ मागे पडते. पुरुषांत हा विकार अधिक. पाळी गेल्यानंतर स्त्रियांतही वाढतो. क्वचित वाट मोकळी असूनही मेंदूकडून श्वासाची आज्ञाच निघत नाही. तो प्रकार निराळा.

विकार दुर्मिळ आहे म्हणावे, तर तसेही नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध केली. तीत शेकडा १९.५ जणांच्या झोपेत श्वासाचे अडथळे असावेत असा अंदाज निघाला, शेकडा ७.५ जणांना त्याच्या जोडीला दिवसाची गुंगीही होती. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले. रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी त्याचे निकटचे नाते आहे.

आता आपल्या शेंद्र्याकडे वळू. औद्योगिक वसाहतीत पाळ्या चालतात, जालना रस्त्यावर रात्रभर मालमोटारी धावतात. येथे कोणी पेंगला तर आपण म्हणतो, ‘रात्रपाळी झाली असेल’. पुष्कळदा ते खरेही असते. पण पाळीमुळे राहिलेली झोप दोन-चार दिवस पुरेशी निजल्याने बहुतेक भरून येते. आठ तास निजूनही जो शिणलेला उठतो, ज्याचे डोके सकाळी दुखते, बोलता बोलता ज्याचा डोळा लागतो, त्याला आळशी ठरवण्यापूर्वी थोडे थांबावे. अशा माणसाच्या हाती यंत्र किंवा गाडी असली, तर प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही.

चालकाला भीती वाटते, रोग सांगितला तर गाडी हातची जाईल. ही भीती पोटाची आहे. तिला हसू नये. परंतु विकाराला उपाय आहे, हे त्याला कळलेच पाहिजे. वजन उतरवणे, दारू सोडणे, कुशीवर निजणे यांनी पुष्कळांना आराम पडतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली: नाकावर मुखवटा बांधून यंत्राने हवेचा सौम्य दाब द्यावयाचा, म्हणजे घसा मिटत नाही. हेच यंत्र, पुष्कळ सुधारून, आज जगभर वापरले जाते. त्याआधी झोपेची रीतसर तपासणी मात्र हवी.

शेवटी एकच गोष्ट. इतर दुखण्यांत रोगी स्वतः तक्रार सांगतो. येथे रोगी झोपलेला असतो. साक्षीदार असते ती शेजारी जागणारी पत्नी, आई किंवा मुलगा. आवाज मध्येच थांबतो का, किती वेळ थांबतो, मग धाप लागते का, हे त्यांनी पाहावे आणि डॉक्टरांकडे सोबत जाऊन सांगावे. घोरण्याची थट्टा आपण खूप केली. यापुढे त्यातल्या शांततेकडे कान द्यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.