शांतता! शूटिंग चालू आहे



शूटिंगच्या पडद्यामागचा एक दिवस सांग, असा मला हुकूम झालाय. आधीच सांगतो, नट-नट्यांच्या गमती माझ्याकडे नाहीत. मी साउंड रेकॉर्डिस्ट. हेडफोन लावून कोपऱ्यात बसणारा माणूस. ज्याला वर्गात सर्वांत जास्त वेळा ‘गप्प बस’ ऐकावं लागलं, तो आता लोकांना गप्प बसवून पोट भरतो, यावर समोर बसलेल्या बाईंचा अजून विश्वास बसलेला दिसत नाही.

तर, पुण्यातल्या पेठेतला एक जुना वाडा. बारा मिनिटांची फिल्म, मित्रांनी वर्गणी काढून केलेली. वाडा पाडायला निघालेला, त्यामुळे मिळाला तो एकच दिवस. सकाळी सहाला पोहोचलो. कॅमेरावाले प्रकाश बघत होते, मी आवाज शोधत होतो. पंखा बंद, फ्रिज बंद, पाण्याची मोटर बंद. भिंतीवरचं घड्याळसुद्धा थांबवलं, कारण दोन शॉट जोडताना टिकटिक मध्येच चुकली की प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकतं.

क्लॅप का मारतात, हे पुष्कळजण विचारतात. चित्र एका यंत्रात आणि आवाज दुसऱ्यात, अशी नोंद होते. फळी मिटलेली दिसते तो क्षण आणि ‘टक्’ ऐकू येतं तो क्षण जुळवला की दोन्ही एका रेषेत येतात. बस, एवढंच. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ला ही डोकेदुखी नव्हती. १९३२ मध्ये ‘प्रभात’ने तीच गोष्ट ‘अयोध्येचा राजा’मध्ये बोलती केली, तेव्हा गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे स्वतःच गायले होते. आमच्या जातीच्या लोकांची धावपळ तेव्हापासूनची.

फिल्ममधल्या आजी नटी नव्हत्या. त्याच वाड्यातल्या भाडेकरू, लग्न होऊन आल्या त्या तिथेच राहिलेल्या. त्यांच्यासाठी आणलेलं नवं लुगडं इतकं खळीचं, की पदराआड लावलेल्या माइकमध्ये नुसती करकर. आजी आत गेल्या आणि स्वतःचं धुऊन मऊ झालेलं नेसून आल्या. “हे बोलत नाही हो,” म्हणाल्या. माझा अर्धा प्रश्न सुटला.

दुपारचा सीन मुख्य. घर सोडताना त्यांनी मुलाला एवढंच सांगायचं, ‘दार ओढून घे. कडी नीट लागत नाही.’ पहिल्याच टेकला आजी ‘दार ओढून घे’ म्हणाल्या आणि थांबल्या. हे लिहिलेलं नव्हतं. त्या थांबलेल्या जागी शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी पुढचं वाक्य पूर्ण केलं.

दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. आणखी चार टेक झाले, आवाज स्वच्छ, पण आजी आता पाठ म्हणत होत्या. “पहिलाच घेऊ, डबिंगमध्ये आवाज बदलू,” असं ठरत आलं. मी नाही म्हणालो. त्या आजींना महिन्याभराने बंद स्टुडिओत काचेसमोर उभं करून ते थांबणं परत मागायचं? ते मिळत नसतं. बराच वाद झाला. ऊन उतरत होतं, आणि माणसं माझ्याकडे घड्याळ दाखवत होती.

मी शेजारी गेलो. त्या काकूंना म्हटलं, कुकर पुन्हा लावाल का? त्यांनी आधी मला खालपासून वर पाहिलं, मग डाळ धुवायला घेतली. भिंतीपलीकडून आलेल्या तीन शिट्ट्या मी आजींच्या खोलीत बसून वेगळ्या टिपल्या. त्या आधीच्या आणि नंतरच्या शॉटखाली घातल्या, म्हणजे मधली शिट्टी अपघात वाटत नाही. शेजारी स्वयंपाक चालू आहे, एवढंच वाटतं. टेक पहिलाच राहिला. संध्याकाळी सगळ्या युनिटने वरण-भात खाल्ला, हे वेगळं.

पॅक-अपआधी रिकाम्या खोलीचा आवाज टिपायचा असतो. त्याला रूम टोन म्हणतात. संवादांमधल्या फटी त्याने भरतात. पंचवीस माणसं एक मिनिट जागच्या जागी उभी. आजी चौकटीला टेकून होत्या. कोणाचं नाकसुद्धा वाजलं नाही.

तो वाडा आता नाही. आजी मुलाकडे असतात, फिल्म त्यांनी दोनदा पाहिलीय.

चहानंतर इथेच दाखवतोय. बारा मिनिटं पंखे बंद ठेवावे लागतील, तेवढं सहन करा.