फवाऱ्याच्या डब्यातील वायू

बोटाने कळ दाबताच डब्यातून तुषार बाहेर पडतात. द्रव आपण होऊन बाहेर येत नाही. त्याला लोटणारा वायू डब्यात दाबून भरलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना डासांपासून वाचविण्यासाठी हे डबे फार उपयोगी पडले. पुढे केसांच्या व सुगंधी फवाऱ्यांत क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वायू सर्रास वापरात आले. ते जळत नाहीत, सहसा कशाशी संयोग पावत नाहीत. त्यांचा गुण तो हाच, आणि दोषही हाच. खाली कशानेही न विघटणारा हा वायू सावकाश स्थितांबरात पोहोचतो. तेथे अतिनील किरण त्याचे रेणू फोडतात, आणि मोकळा झालेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा नाश करूनही स्वतः शिल्लक उरतो. केस जागच्या जागी राहावेत, एवढ्यासाठी हे सारे!

मोलिना व रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी हे 1974 साली मांडले, तेव्हा उद्योगपतींनी कडाडून विरोध केला. तरीही अमेरिकेने 1978 साली बहुतेक फवाऱ्यांत या वायूंस बंदी केली. अंटार्क्टिकावरील ओझोनची घट 1985 साली उजेडात आली, आणि माँट्रियलचा करार 1987 साली झाला.

आता डब्यांत बहुधा ब्यूटेन व प्रोपेन असतात. ओझोनला त्यांचा उपद्रव नाही. परंतु स्वयंपाकाच्या सिलिंडरातील वायू तेच. शेगडीजवळ उडविलेले तुषार पेट घेतात, उन्हात तापलेला डबा फुटतो. नशेसाठी कोवळी मुले हा वायू हुंगतात, आणि त्यांचे हृदय एकाएकी बंद पडू शकते, पहिल्याच खेपेसही.