दुहेरी कांचेच्या खिडक्या : त्यांचे दोष आणि दुरुस्ती



खिडकीला एकाऐवजीं दोन कांचा बसवाव्यात ही कल्पना मूळची थंड देशांतली. न्यूयॉर्कच्या टॉमस स्टेट्सन नांवाच्या गृहस्थानें १८६५ सालीं अशा तावदानाचें पेटंट घेतलें. खोलींतली ऊब बाहेर जाऊं नये, हा त्यामागचा मुख्य विचार. आपल्याकडे ऊब राखण्याचा प्रश्न फारसा नाहीं. तरीहि अशा खिडक्या आतां आपल्या नव्या घरांतून दिसूं लागल्या आहेत, आणि त्याचें कारण बहुधा आवाज आणि धूळ हेंच असतें.

पुलाची शिरोली ह्या गांवाचें उदाहरण घ्या. कोल्हापुराहून पंचगंगा ओलांडली कीं पुणें-बेंगळुरु महामार्गाला लागून येथील औद्योगिक वसाहत सुरू होते. ओतशाळा आणि यंत्रांचे सुटे भाग करणारे कारखाने हें तिचें वैशिष्ट्य. महामार्गावर मालमोटारींची रहदारी रात्रंदिवस चालू असते आणि सांच्याच्या वाळूची बारीक धूळ वाऱ्याबरोबर फिरत असते. रात्रपाळी करून घरीं आलेल्या माणसाला दिवसा पांच-सहा तास शांत झोंप मिळाली पाहिजे. कारण पुन्हा रात्रीं त्याला तापलेल्या धातूजवळ उभें राहावयाचें असतें. अशा ठिकाणीं एखादें कुटुंब पोटाला चिमटा घेऊन दुहेरी कांचेच्या खिडक्या करून घेतें, आणि दोन-तीन पावसाळे गेले कीं कांचांच्या मध्यें धुकें दिसूं लागतें. एक कारागीर म्हणतो, सगळी खिडकी बदला. दुसरा म्हणतो, भोंक पाडून वाळवून देतों. गृहस्थानें कोणाचें ऐकावें? ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं ही वस्तु मुळांत कशी असते, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

दुहेरी कांच म्हणजे जवळजवळ ठेवलेल्या नुसत्या दोन कांचा नव्हेत. बहुधा पांच किंवा सहा मिलिमीटर जाडीच्या दोन कांचा असतात. त्यांच्यामध्यें कडेनें ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी फिरविलेली असते. त्या पट्टींत ओलावा शोषून घेणारे बारीक मणी भरलेले असतात. आणि कडेला दोन प्रकारच्या लुकणांचा सांधा असतो. आंतलें लुकण ब्युटाइलचें. बाष्प अडविणें हें त्याचें काम. बाहेरचें पॉलिसल्फाइडचें किंवा सिलिकोनचें. दोन्ही कांचा घट्ट धरून ठेवणें हें त्याचें काम. मधल्या बारा ते सोळा मिलिमीटरांच्या फटींत कोरडी हवा कोंडलेली असते. कधीं तिच्याऐवजीं अर्गॉन वायु भरतात. उष्णतेला मुख्य अडथळा होतो तो ह्या कोंडलेल्या स्थिर हवेचा. एकेरी कांचेंतून जितकी उष्णता जाते तिच्या सुमारें निम्मीच ह्या बंद पेटींतून जाते. ह्या पेटीला आपण जोडतावदान म्हणूं. कांच शंभर वर्षें टिकेल. पण जोडतावदानाचें आयुष्य त्याच्या सांध्याइतकेंच असतें.

आतां धुक्याची तक्रार. धुकें दिसल्याबरोबर कारागिराला बोलावूं नये; प्रथम बोटानें कांच पुसून पाहावी. खोलीच्या बाजूनें पुसलें जात असेल तर दोष खिडकीचा नाहीं. स्वयंपाकाची वाफ, आंत वाळत घातलेले कपडे आणि कोंदलेली हवा ह्यांचा तो परिणाम. त्यावर उपाय वायुवीजनाचा. बाहेरच्या बाजूनें पुसलें जात असेल तर तें दंव होय. हिंवाळ्यांतील निरभ्र पहाटे तें पडतें, आणि पावसाळ्यांत वातानुकूलित खोलीच्या कांचेवरहि पडतें. ऊन वर आलें कीं जातें. त्यासाठीं एक पैहि खर्च करण्याचें कारण नाहीं. मात्र दोन्ही बाजूंनीं पुसूनहि धुकें तसेंच राहिलें, तर तें कांचांच्या मध्यें आहे, म्हणजेच सांधा फुटला आहे. आरंभीं हें धुकें सकाळीं येतें आणि दुपारीं नाहींसें होतें; त्यामुळें घरच्या माणसांना वाटतें कीं खिडकी आपोआप सुधारली. वस्तुतः मणी ओलाव्यानें भरत चाललेले असतात. पुढें कांचेच्या आंतल्या अंगावर पांढरे डाग धरतात, ते कायमचेच.

सांधा फुटण्याचीं कारणें बहुधा टाळतां येण्याजोगीं असतात. पहिलें कारण सांचलेलें पाणी. प्रत्येक चांगल्या चौकटीच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं भोकें ठेवलेलीं असतात. शिरोलीसारख्या ठिकाणीं वाळूची धूळ आणि रस्त्याचा चिखल ह्यांनीं तीं एका हंगामांतच बुजतात. मग पावसाचें पाणी खांचेंत उभें राहतें आणि तावदानाची खालची कड दिवसचे दिवस भिजत राहते. असें भिजणें कोणतेंहि लुकण फार काळ सहन करीत नाहीं. २०१९ च्या ऑगस्टमध्यें आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्यें पंचगंगेच्या पुराचें पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलें आणि वाहतूक बंद पडली होती. अशा पुरांत ज्या खिडक्या पाण्याखालीं जातात, त्यांच्या खांचांतला गाळ पाणी ओसरल्याबरोबर स्वच्छ पाण्यानें धुवून काढावा. वरून कांच स्वच्छ दिसली तरी कड भिजलेली असते.

दुसरें कारण बसविण्यांतलें. जोडतावदान चौकटीवर थेट टेकवावयाचें नसतें. खालीं दोन ठिकाणीं, दोन्ही टोंकांपासून सुमारें रुंदीच्या चौथ्या हिश्शावर, कठीण रबराचे किंवा प्लॅस्टिकचे ठोकळे ठेवावे लागतात. घाईंत ते राहून गेले कीं कड पाण्यांत बसते आणि वजनहि वेडेंवांकडें पडतें.

तिसरें कारण चुकीचें लुकण. ज्या सिलिकोनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यांतून ॲसेटिक आम्ल सुटतें, आणि तें सांध्याला बाधतें. म्हणून जोडतावदानाजवळ आम्ल न सोडणारें, बाजारांत ‘न्यूट्रल’ म्हणून मिळणारें सिलिकोनच वापरावें. विकत घेतांना डब्यावरील अक्षरें वाचावींत.

चौथें कारण पुष्कळांच्या ध्यानींमनींहि नसतें. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंचीवर आहे, आणि येथें हवेचा दाब किनाऱ्यापेक्षां शेंकडा सहाच्या आसपास कमी असतो. समुद्रकांठच्या कारखान्यांत बंद केलेलें जोडतावदान घाट चढून आलें कीं आंतली हवा बाहेर रेटा देते आणि कांचा किंचित् फुगतात. मोठी कांच वांकून हा ताण सोसते. लहान आणि जाड कांच वांकत नाहीं, म्हणून सगळा ताण सांध्यावर येतो. त्यांत दुपारच्या उन्हाची भर पडते. तेव्हां तावदान कोठें बंद केलें, हें मागणी नोंदवितांनाच विचारावें आणि बसविण्याच्या गांवाची उंची कारखानदाराला कळवावी.

सांधा एकदां फुटला कीं काय करावें? भोंक पाडून आंत कोरडी हवा फिरविल्यानें धुकें जातें खरें. पण फुटलेला सांधा जुळत नाहीं आणि मण्यांची शक्ति परत येत नाहीं. कांहीं काळ दृष्टि स्वच्छ होते एवढेंच. उष्णता अडविण्याचा गुण पूर्ववत् होत नाहीं. उलट सगळी खिडकी काढून टाकणें हाहि व्यर्थ खर्च. चौकट सरळ असेल आणि झडप नीट मिटत असेल, तर फक्त जोडतावदान बदलावें. कांच धरून ठेवणारी पट्टी काढली कीं तें सुटें होतें. नवें मागवितांना लांबी, रुंदी आणि एकूण जाडी हीं तिन्ही मापें द्यावींत. चारी बाजूंना तीन ते पांच मिलिमीटर मोकळीक राहिली पाहिजे. मधल्या पट्टीवर पुष्कळदां कारखान्याचें नांव आणि तारीख छापलेली असते. मुदतींतली हमी असेल तर ती वाचून पाहावी. खर्चाचा प्रश्न तेथेंच सुटण्याचा संभव असतो.

कांच तडकण्याची तक्रारहि वारंवार ऐकूं येते. तडा कडेपासून काटकोनांत निघाला असेल तर तो बहुधा उष्णतेचा. अर्ध्या कांचेवर सावली आणि अर्धीवर ऊन पडणें, किंवा आंतून काळा कागद चिकटविणें, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें. आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. खिडक्या बसल्यानंतर लोखंडी गज तेथेंच कापतात व जोडतात. त्या वेळीं उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे पोलादाचे तापलेले कण; ते कांचेंत रुतून बसतात. पुढें त्यांना गंज चढतो आणि घांसून ते निघत नाहींत. गजांचें काम आधीं उरकावें. तें शक्य नसेल तर कांच जाड ओल्या गोणपाटानें झांकून घ्यावी.

वारा व पाणी आंत येत असेल तर प्रथम रबरी पट्ट्या पाहाव्यात. उन्हानें त्या आंखडतात आणि कोपऱ्यांत फट पडते. पट्टी ओढून न लावतां किंचित् सैल ठेवून कापावी, म्हणजे पुढें आंखडली तरी पुरते. झडप खालीं घसटत असेल तर बिजागरीचे स्क्रू आवळून ती वर घेतां येते. सरकत्या खिडकींत खालचीं चाकें धुळीनें झिजतात. तीं स्वतंत्र बदलतां येतात.

आतां मुख्य गोष्ट आवाजाची. पुष्कळांची निराशा होते ती येथें. दोन कांचांमुळें आवाज अर्धा होईल असा समज असतो. परंतु खिडकीच्या क्षेत्रफळाच्या शेंकडा एक इतकीहि फट राहिली, तरी कांच कितीहि जाड असो, आवाजांत वीस डेसिबेलहून अधिक घट होऊं शकत नाहीं. म्हणून सरकत्या खिडकीपेक्षां रबरावर दाबून मिटणारी खिडकी आवाजासाठीं नेहमीं सरस. शिवाय दोन्ही कांचा सारख्या जाडीच्या आणि फट अरुंद असली, तर विशिष्ट खोल सुरांना तीं तिन्ही मिळून साथच देतात. सहा मिलिमीटरांच्या दोन कांचा आणि बारांची फट असतां हा सूर सेकंदाला सुमारें दोनशें कंपनांचा पडतो, आणि मालमोटारीची घरघर ह्याच खालच्या सुरांत असते. ह्याला उपाय दोन. नवें तावदान घेतांना दोन्ही कांचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्याव्यात, त्यांतली एक चिकट पडदा घालून जोडलेली असल्यास उत्तम. नाहींतर आहे ती खिडकी तशीच ठेवून, नऊ इंची भिंतीच्या आंतल्या अंगाला एकेरी कांचेची दुसरी खिडकी बसवावी. दोहोंमध्यें शंभर मिलिमीटर अंतर सहज मिळतें, आणि खोल आवाजासाठीं हें अंतर मोठें उपकारक. ह्या रचनेंत फुटावयास सांधा नाहीं आणि धूळ सांचली तर ती उघडून पुसतां येते. महामार्गाकडेच्या घराला पुष्कळदां हाच मार्ग परवडेल.

शेवटीं एक इशारा. खिडक्या हवाबंद झाल्या म्हणजे घरानें श्वास कोठून घ्यावयाचा, हेंहि ठरवावें लागतें. स्नानगृहांत गॅसचा बंब असेल आणि खिडकी घट्ट मिटलेली असेल, तर ज्वलनाला हवा अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाहीं. अशा मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रांतून अधूनमधून येत असतात. गॅसचा बंब स्नानगृहाबाहेर मोकळ्या हवेंत असावा, आणि स्वयंपाकघरांत हवा येण्याची एक वाट कायम उघडी असावी. आवाज थोडा आंत आला तरी चालेल. ही वाट बंद करूं नये.

वर्षांतून दोन दिवस ह्या कामासाठीं राखून ठेवावेत. मेअखेरीस, पहिल्या सरीपूर्वीं, चौकटीच्या तळचीं भोकें तारेनें मोकळीं करावींत आणि वाटीभर पाणी ओतून तें बाहेर पडतें कीं नाहीं तें पाहावें. दिवाळीच्या आवराआवरींत रबरी पट्ट्या आणि बाहेरच्या भिंतीचा सांधा तपासावा. ह्याला कारागीर लागत नाहीं. घरांतलें मोठें मूलहि हें काम करूं शकेल.